फाटकाला टेकवलेली पहार

रावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडलेलो होतो. सकाळी बाहेर आलो तर त्याची पहार पुन्हा आमच्या फाटकाला टेकवलेली. महिनाभर हेच चाललं होतं. मी ती उचलून त्याच्या पडवीत नेऊन ठेवायची, त्याने संध्याकाळी परत आणून टेकवायची, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आज याला चांगलं सुनावतो म्हणून चपला घालत होतो, तेवढ्यात त्याच्या सुनेचा फोन... "गुर्जी, बाबा उठत नायत ओ." सुनावायचं राहूनच गेलं. त्याला दीड महिना झाला, पण माझा राग काही गेलेला नाही.

रावजी मैलकुली होता. रस्त्याचा ठरावीक तुकडा एका माणसाच्या ताब्यात. तिथले खड्डे, झुडपं, गटारं त्याने सांभाळायची. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी पावसाळ्याआधी हा फावडं घेऊन घाटातल्या वळणावर हजर. पुतण्याच्या लग्नात पंगतीतून उठून गटार बघायला गेलेला माणूस तो. "रस्ता डांबरावर नाय ऱ्हात, गुर्जी, गटारावर ऱ्हातो," हे मी त्याच्याकडून इतक्या वेळा ऐकलंय की कान किटले होते. आणि आम्ही काय केलं? गणपतीला मुंबईहून येणाऱ्या पोरांच्या गाड्या थेट अंगणात याव्यात म्हणून वाडीतल्या प्रत्येकाने आपल्या फाटकासमोरचं गटार चिरे टाकून, वर सिमेंट ओतून बुजवलं. खालून पाइप टाकायचं कुणाला सुचलं नाही. सुरुवात कुणी केली? मी. मास्तर करतोय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून वाडी माझ्या मागून आली. रावजी तेव्हा रस्त्यात उभा राहून म्हणाला होता, "पान्याला वाट नाय ठेवलीत तर ते आपली काडतं." मी म्हटलं, "अरे, एवढ्याशा तुकड्याने काय होतंय?" प्रत्येकाने तेच म्हटलं.

गेल्या जुलैत गटारातलं सगळं पाणी रस्त्यावरून धावत वळणावर जाऊन साठलं. रस्त्याखालची दगडी मोरी चोंदलेली होती. दूध घालायला गेलेली बाई भरल्या किटलीनिशी परत आली आणि म्हणाली, वळणच जाग्यावर नाही! वरची दरड आणि खालचा रस्ता दोन्ही ओढ्यात गेले होते. माझी बायको सुमन, तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला रत्नागिरीला न्यावं लागतं. एक पाळी चुकली तरी चालत नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला चिखलातून पलीकडे नेलं, पलीकडे रिक्षा उभी. खुर्चीचा पुढचा एक पाय रावजीच्या हातात. "वैनी, पाय वर घ्या, चिकल लागंल," म्हणत होता. स्वतः मांडीपर्यंत रुतलेला.

जेसीबी आला तेव्हा आम्हाला देव भेटल्यासारखं झालं. माती लोटून संध्याकाळपर्यंत कच्चा रस्ता करून देतो, असं चालवणारा म्हणाला. तर हे महाशय जेसीबीच्या पुढ्यात दगडावर जाऊन बसले. "पयली मोरी उघडा." माझं डोकंच फिरलं. सगळ्या वाडीसमोर ओरडलो, "तुझ्या मोरीपायी माझी बायको मारशील का रे?" तो डोंगराकडे बोट दाखवत म्हणाला, "आज रस्ता केलात तर पुढच्या सरीला परत जाईल, गुर्जी. मग वैनीची खुर्ची कुटनं न्याची?" उठला, वरच्या फणसापासून पावलं मोजत आला आणि पहार चिखलात मारायला लागला. तिसऱ्या ठिकाणी मोरीचा दगड वाजला. मोरी उघडायला दोन दिवस गेले. त्यात सुमनला आणखी एकदा खुर्चीतून न्यावं लागलं, तेव्हाही पुढचा पाय त्याच्याच हातात. तिसऱ्या दिवशी रस्ता झाला, आणि ऑगस्टच्या झडीत टिकला. मी त्याचे आभार मानायला हवे होते. मी म्हटलं, "दोन दिवस घालवलेसच शेवटी."

मग तो फाटकांसमोरच्या सिमेंटच्या मागे लागला. "नुसती मोरी उघडून काय उपेग? पानी तितवर जायाला नको? पयलं तुमचं फोडा, मग वाडी फोडंल." मी म्हटलं, गणपती होऊ दे. मग दिवाळी होऊ दे. मग, मे महिन्यात मुलगा गाडी घेऊन येतोय, तो जाऊ दे. मार्चमध्ये हे तिसरं कारण ऐकल्यावर रावजीने बोलणं सोडलं आणि पहार आणून ठेवायला लागला.

तो गेल्यावर ती तिथेच राहिली. न्यायला आलेल्या सुनेला मी राहू दे म्हटलं, का ते मलाही सांगता आलं नसतं. रोज फाटक उघडताना ती दिसायची आणि रोज मी मेलेल्या माणसावर चिडायचो. परवा डायलिसिसहून परतताना सुमनने वळणावर रिक्षा थांबवायला लावली, खाली वाकून मोरीचं तोंड बघितलं आणि घरी आल्यावर म्हणाली, "पाऊस तोंडावर आलाय. तुम्ही फोडताय की मी फोडू?"

दोन दिवस लागले मला. हाताला फोड आले. शेजारचा गजानन कुंपणावरून बघत होता. "गुर्जी, आता मुलाची गाडी कुठून आत घेणार?" म्हटलं, "राहील बाहेर." मुलाला फोनवर सांगितलं, तोही थोडा फुरंगटला. काम संपल्यावर पहार धुतली, खांद्यावर घेतली आणि सवयीने रावजीच्या पडवीकडे चालायला लागलो. अर्ध्या वाटेत थांबलो... मग मागे फिरलो आणि ती गजाननच्या फाटकाला टेकवून आलो.