बारा कोकरं आणि बिस्किटांचं पोतं

लग्न होऊन मी खारघरला आले तेव्हा मला बोलायलाच कुणी नव्हतं. तसं घर माणसांनी भरलेलं होतं, गाव मायाळू होतं. पण मी बोलले की बायका हसायच्या आणि त्या बोलल्या की मला निम्मं कळायचं नाही. माझं माहेर माण तालुक्यातलं, आजोबांची मेंढरं. इथे भाताची शेतं होती ती शहरासाठी गेली होती. गावाला लागून सहा-सहा गाड्या शेजारी धावतील असे रस्ते झाले होते आणि त्यांवरून दिवसभरात चार स्कूटर जायच्या. मी सहा महिने मान हलवून काढले.

मग दिवाळीनंतर एका सकाळी दारात उभी होते तर लांबून घंटा ऐकू आल्या. डोंगराच्या कडेने धनगरांचा कळप उतरत होता. मी हातातला तांब्या तिथेच ठेवला आणि पळत सुटले. नवी सून अशी पळताना बघून सासूबाई माझ्यामागे पळत आल्या. पोचल्या तेव्हा मी एका म्हाताऱ्या धनगराशी तोंड भरून बोलत होते. "आवं, कुठनं आलायसा? यंदा तिकडं पाऊस कसा?" मी बोलत होते, हसत होते, डोळेही पुसत होते.

सासूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "अगो, हिला तोंड हाय!"

त्या बाई होत्या एकदम उमद्या. शेत गेल्यापासून त्यांच्या हातांना काम उरलं नव्हतं आणि त्यावाचून त्यांची चिडचिड व्हायची. त्यांनी तिथल्या तिथे बारा कोकरं घेतली. चैत्रात गावदेवीची जत्रा, घरोघरी मटण लागतं; तोवर तीन-चार महिने खाऊ घालून ती अंगाने भरवायची आणि विकायची, असा त्यांचा बेत. घरामागे पत्रे लावलेली मोकळी जागा होतीच.

भांडण पहिल्याच संध्याकाळी झालं. खायला काय घालायचं?

माझा नवरा जवळच्या पावणे गावात एका बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला होता. तिथे तुटकी बिस्किटं पोत्याने मिळायची. सासूबाई म्हणाल्या, "बिस्किटा माणूस खातंय, मंग कोकरानं का खाऊ नाय?"

मी म्हटलं, "आई, मेंढराच्या पोटाला आधी वैरण लागते. मक्याचा भरडा, शेंगदाण्याची पेंड थोडी थोडी वाढवत न्यायची. एकदम गोडधोड घातलं तर पोट फुगतं."

"तुजा देशावरचा ग्यान तिकरंच ठेव. इथं कडबा कुठं पिकतंय?"

ते मात्र खरं होतं. शेवटी कोकरंच वाटून घेतली. सहा त्यांची, सहा माझी. त्यांच्या सहांच्या पाठीवर कुंकवाचा ठिपका, माझ्या सहांच्या पाठीवर निळीचा. मध्ये बांबूचा आडोसा. जिची कोकरं जास्त भरतील तिने पुढे चारा ठरवायचा.

मी नवऱ्याला पनवेलला पाठवून भरडा, पेंड आणि तुरीचा भुसा आणवला. रोज वाटीने मोजून घालायचे. सासूबाई भाताचा पेंढा टाकायच्या आणि वर बिस्किटांचा चुरा असा उधळायच्या, जणू लग्नात अक्षता. त्यांची कोकरं त्यांचा आवाज ऐकला की उड्या मारत यायची. माझी आपली गंभीर चेहऱ्याने भुसा चघळायची.

महिन्याने वजन केलं. शेजारच्या मावशी मासळी विकायच्या, त्यांचा लटकता काटा आणला आणि चिंचेच्या फांदीला बांधला. एकेक कोकरू गोणपाटाच्या झोळीत घालून टांगायचं. चार पाय बाहेर, मुंडकं बाहेर, आणि चेहऱ्यावर असा अपमान की बघणाऱ्याने हसून खालीच बसावं. पाचवं कोकरू टांगलं तेव्हा त्याने मावशींच्या पदरावरच लेंड्या टाकल्या. मावशी ओरडल्या, "हा वजनात धरायचा का नाय?"

हसून हसून पोटात कळा आल्या, पण निकाल लागला तेव्हा माझं हसू गेलं. सासूबाईंची कोकरं माझ्यापेक्षा सरासरी अर्धा किलोने पुढे होती. त्या टाळ्या वाजवत अंगणभर नाचल्या. खरंच नाचल्या. मी रात्री नीट जेवले नाही.

त्यानंतर आठवडाभरात ते घडलं. पलीकडच्या आळीत हळद होती, आम्ही दोघी दुपारी तिकडे गेलो. पत्र्याच्या फाटकाची कडी मी घालायची होती. मी घातली नव्हती. परत आलो तर आडोसा आडवा पडलेला, पडवीतलं बिस्किटांचं नवं पोतं फाडलेलं, आणि बाराच्या बारा कोकरं पाय फाकून उभी. डाव्या कुशी टम्म. बोटाने टिचकी मारली की ढोलकीसारखा आवाज येत होता.

सासूबाई मटकन खाली बसल्या. "मेली गो माजी बाला!"

मला आजोबांचे हात आठवले. काय करायचं याचा विचारही करावा लागला नाही. "आई, उठा. खायचा सोडा किती आहे घरात? आणि गोडंतेल?" कोमट पाण्यात सोडा आणि तेल घालून बाटली भरली. त्या जबडा धरायच्या, मी ठसका लागणार नाही अशा बेताने हळूहळू घशात ओतायचे. तेल आमच्या कोपरांपर्यंत, कोकरांच्या पाठीवर, सगळीकडे. नवऱ्याने गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते लांबच्या गावी होते, सकाळी येतो म्हणाले.

"आता यांना चालवायचं," मी म्हटलं. "बसू द्यायचं नाही. ढेकर आली की वाचली."

बारा फुगलेली कोकरं घेऊन आम्ही त्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर गेलो. ती चालायलाच तयार होईनात. ओढलं, ढकललं, काही नाही. मग सासूबाईंनी घसा खाकरला आणि हळदीत नुकताच गायलेला धवला सुरू केला. लग्नातलं गाणं ते, नवरीला मांडवात आणतानाचं. आणि कोकरं त्या आवाजामागे निघाली! त्याच आवाजाने रोज बिस्किटं मिळत होती ना. पुढे सासूबाई गात, मागे मी हाकत, अशी वरात चालली.

नव्या बिल्डिंगांच्या गॅलऱ्यांत माणसं गोळा झाली. ऑफिसातून परतलेले एक गृहस्थ बॅग घेऊन थांबले आणि फार अदबीने विचारते झाले, "काही कार्यक्रम आहे का?"

मी धापा टाकत म्हटलं, "ढेकरांची वाट बघतोय."

तेवढ्यात पहिली आली. एवढ्याशा जिवातून एवढी मोठी ढेकर! सासूबाईंनी गाणं थांबवून "एक!" अशी आरोळी ठोकली. मग दुसरी. तिसऱ्या-चौथ्याला गॅलऱ्यांतूनही लोक मोजू लागले. दिवे लागेपर्यंत आम्ही त्या रस्त्याने कितीतरी फेऱ्या मारल्या. बारावी ढेकर आली तेव्हा अख्ख्या सोसायटीने टाळ्या वाजवल्या, आणि सासूबाईंनी मला भररस्त्यात मिठी मारली. तेलकट, घामट, लोकरीचा वास असलेली मिठी. मी इतकी हसत होते की मला उभं राहता येईना.

घरी आल्यावर मी सांगून टाकलं, "कडी मी घातली नव्हती."

"आनि पोतं पडवीत मी ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "चल, हात धू."

सकाळी डॉक्टर आले, कोकरं तपासून म्हणाले, दोन दिवस फक्त पेंढा आणि पाणी द्या. तेव्हा आमच्या लक्षात आलं की तेलात कुंकू आणि नीळ मिसळून बाराही पाठी जांभळट झाल्या आहेत. कोणतं कुणाचं, काही कळेना. शर्यत संपली ती अशी.

मग आम्ही एकत्र बसून चारा ठरवला. वैरण म्हणून त्यांचा भाताचा पेंढा आणि रस्त्याकडेच्या सुबाभळीचा पाला. भरडा आणि पेंड माझी, पण माझ्या भीतीपेक्षा जरा सढळ. माझी कोकरं मागे पडली ती मी हात आखडला म्हणूनच. गिरणीतला तांदळाचा कोंडा, चिमूटभर मीठ. बिस्किटं प्रत्येकाला फक्त एक मूठ, सगळ्यात शेवटी. सासूबाई तेवढ्यावर अडूनच बसल्या होत्या. "नायतर माजा गाना कोन ऐकंल?"

चैत्रात खाटीक आला. एकेकाच्या कमरेवरून त्याने हात फिरवला. हाडं हाताला लागतच नव्हती. "काय घालता यांना?" त्याने विचारलं. "पेंड!" मी म्हटलं. "बिस्किटा!" सासूबाई त्याच वेळी म्हणाल्या.

कोकरं गेली त्या संध्याकाळी अंगण फार मोठं वाटलं. आम्ही दोघी पायरीवर बसलो. त्या म्हणाल्या, "उद्या सकाली मी कशाला उठू गो?" मी म्हटलं, "पनवेलला जाऊ. पेंडीचा भाव तरी विचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी नट्टापट्टा करून पनवेलला गेलो, आईस्क्रीम खाल्लं आणि पेंडीचं एक पोतं घेऊनच परत आलो. कोकरं यायला अजून आठ महिने होते.