करिंथकरांनी काय केलं

मुलांनो, आज शेजारून रश्श्याचा वास आला आणि जुनी चीड उफाळली, म्हणून लगेच लिहिते.

नव्वदच्या दशकातल्या एका रविवारी जुन्नरच्या प्रार्थनाघरात, सगळ्यांची एकत्र जेवणं उरकल्यावर, मी बायबलमधलं प्रेषित पौलाचं करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलेलं पत्र शिकवत होते. आधी आलेले जेवून घेतात आणि मागाहून येणारे उपाशी राहतात, म्हणून पौल त्यांना रागावतो. तेवढ्यात डिंभे गावाहून एसटीनं प्रार्थनेला येणाऱ्या सोनाबाई पोचल्या. रश्श्याची पातेली रिकामी होती.

"एसटीला सांगा लवकर यायला!" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

सोनाबाईंनी मलाच विचारलं, "बाई, मग त्या लोकांनी मागच्यांसाठी जेवान ठिवलं का न्हाई?"

"मध्ये बोलू नका," म्हणून मी टिपणं पुढे वाचली. त्या उपाशीच परतल्या.

पौलाचं पत्र टिकलं आहे. ते ऐकून करिंथकरांनी काय केलं, ते कुठंच लिहिलेलं नाही. आम्ही काय केलं, ते मी लिहून ठेवलं.