ताईने नमुना नेला

आमची ताई भरतकामवाली. अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात राबली. तो बंद पडला तेव्हा मागच्या खोलीत स्वतःचं मशीन मांडून बसली. सोबत डिझाइनसाठी कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर. पहिली मोठी ऑर्डर आली ती मुलींच्या फुटबॉल संघाची. अठरा जॅकेटं, पाठीवर पंख पसरलेली घार, आणि हातात पंधरा दिवस.

कॉम्प्युटरवर घारीचं डिझाइन काही उघडेना! अर्धा पंख दिसायचा आणि कॉम्प्युटर ढिम्म.

"रॅम कमी पडतेय," मी ठोकून दिलं. कळत नसलं तरी मला बोलायला कोण अडवतंय? "दुकानातली सगळ्यात वेगवान आण. उगाच चिकटपणा नको."

ताईने निमूट आणली. जुनी काढून नवी बसवली, बटण दाबलं. पडदा काळाकुट्ट, आणि डब्यातून नुसत्या शिट्ट्या. दहादा केलं, दहादा तेच. जुनी परत घातली की गडी सुरू! कुठेतरी सेटिंग असेल म्हणून मी कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरले, तर तिथे तारीख, वेळ आणि आधी कुठली डिस्क वाचायची, एवढंच बदलता येत होतं. बाकी सगळं बनवणाऱ्यानेच बंद करून ठेवलेलं.

"आई, हे दे भंगारात," ताईचा लेक म्हणाला, "आणि ऑर्डर दुसऱ्या कुणाला तरी दे."

ताईने मशीनवर चादर ओढली. तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला माझ्याच जिभेचा असा राग आला म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी बघते तर ती जुनी रॅम रुमालात गुंडाळत होती.

"अगं, ही कशाला?"

"दोरा आणायला जाताना मी कधी नुसतं 'लाल द्या' म्हणते का? कापडाचा तुकडा नेते, उजेडात धरून जुळवते. इथेच नेमकी विसरले."

दुकानदाराने जुन्या रॅमवरचं लेबल वाचलं. "मावशी, काल नेलीत ती चांगलीच आहे, पण तिला व्होल्टेज जास्त लागतं, आणि तुमच्या मशीनमध्ये ते वाढवायची सोय नाही. याला अशीच साधी हवी." त्याने नवी परत घेतली आणि जुनीच्याच जातीच्या, पण मोठ्या दोन काढून दिल्या.

"पण वेग..." मी सुरू केलं.

"तू गप्प बस," ताई म्हणाली.

घरी आल्यावर बटण दाबलं. एकही शिट्टी नाही. घार उघडली, चोचीपासून शेपटीपर्यंत, पीस न् पीस! मी ताईला मिठीच मारली.

सामन्याच्या दिवशी अठरा घारी मैदानात उतरल्या. आम्ही कठड्याशी उभ्या होतो. शेजारची बाई, कुणा खेळाडूची आई असावी, म्हणाली, "काय सुंदर काम आहे! कुणी केलंय हो?"

अठ्ठावीस वर्षांत ताईला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सवयीने तोंड उघडलं आणि मिटलं.

"मी," ताई म्हणाली.