पांढऱ्या डोळ्यांचं घराणं

“आई, धुपाटणं मागे घे! मागे!” मी अशी किंचाळले की झाशीच्या लक्ष्मी तलावावरचे बगळे उडून थेट शेजारच्या दतिया गावात उतरले असतील.

घरात नवी वस्तू आली की दिवेलागणीला तिला धूप दाखवायचा, ही आमच्याकडची रीत. आईने तो माझ्या जाळीच्या पिंजऱ्यालाही दाखवला. वर कडुनिंबाचा पाला जादा.

“अगं, तुझ्या पीएचडीला यश यावं म्हणून!”

पिंजऱ्यात माझे डास होते. नर पांढऱ्या डोळ्यांचे. एका जनुकात बिघाड झाला की डोळ्यांत रंगच उतरत नाही. त्यांच्या बहिणी मात्र काळ्या डोळ्यांच्या. कॉलेजातली वीज गेली, झाशीच्या उन्हाने बाकीचे पिंजरे भाजून काढले, म्हणून हा शेवटचा मी घरी कूलरपुढे आणला होता. हा गेला की माझ्या मार्गदर्शक सरांनी जपलेलं घराणं बुडालं, आणि माझी पीएचडीही.

धूर विरला. नर सगळे उताणे. मूठभर माद्या तेवढ्या जाळीला चिकटून.

“आहेत की जिवंत,” आई म्हणाली.

“पण डोळे काळे आहेत गं यांचे!”

आशा एकच होती. या माद्यांची आई पांढऱ्या डोळ्यांची, बाप काळ्या. म्हणजे तो बिघाड प्रत्येकीत होताच, बापाकडच्या रंगाखाली झाकलेला; हा रंग बाप फक्त लेकींना देतो, लेकांना नाही. आणि मरण्यापूर्वी भावांशी त्यांचं जमलं असणार. असणार! या एका शब्दावर मी दिवस काढत होते.

अंडी घालायला त्यांना रक्त लागतं. मी हात आत घातला. बाहेर आला तो अनारसा. सरांचा फोन रोज यायचा.

“कुछ निकला?”

“अभी नहीं, सर.”

अंडी झाली, अळ्या झाल्या, कोष झाले. कोषातच डोळे दिसतात. वाडग्यावर भिंग धरलं. काळे. काळे. पुन्हा काळे. मी भिंग पुढे सरकवलं. आणि मग एक कोरा, दुधासारखा! त्याच्या मागे आणखी एक. बघता बघता निम्मा वाडगा पांढऱ्या डोळ्यांचा.

“आई! निघाले! पांढरे डोळे! घराणं वाचलं!” खंडेराव गेटपर्यंत सगळ्यांना कळलं असेल.

आई कोथिंबीर निवडत होती. मानही वर केली नाही.

“बरं झालं. आता ते कॉलेजात नेऊन ठेव.”