फलाटकाकूंचं म्हणणं

वर्गातल्या मुलांनी त्यांचं नाव फलाटकाकू ठेवलं, आणि त्यात दोष काकूंचाच होता. पहिल्या दिवशी प्रत्येक जण ओळख करून देऊन खाली बसत होता. काकू उठल्या, घसा साफ केला आणि बस स्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात आपली सगळी नोकरी झाली हे त्यांनी अशा काही सुरात सांगितलं, की मागच्या बाकावरच्या मुलीने झटकन आपली पिशवी उचलली. तेवढ्यावर भागलं नाही. संपल्यावर त्यांनी तेच सगळं परत एकदा सांगितलं. स्थानकावर प्रत्येक घोषणा दोनदा करायची असते, आणि अंगात मुरलेली सवय निवृत्त होत नाही.

निवृत्तीनंतर माणसं कुंड्यांना पाणी घालतात, गुडघ्यांना तेल चोळतात, सुनेच्या चुका काढतात. काकूंनी विद्यापीठात नाव घातलं. लग्न, मुलीचं बाळपण, सासऱ्यांचं आजारपण या सगळ्यात कॉलेज राहून गेलं होतं. काका कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आणि आता शब्दकोड्यात बुडालेले. त्यांनी मान वर न करताच परवानगी दिली. “जा की. फक्त घरी येऊन मला शिकवू नकोस.”

बाकीचे विषय काकूंनी पाठ करून निभावले असते. गाडी अडली ती लेखनाच्या तासाला. आपल्या पाहण्यातला एक प्रश्न घ्यायचा, त्यावर कोणी काय लिहिलंय ते शोधून वाचायचं आणि निबंधात आपलं म्हणणं पुराव्यासकट मांडायचं. यात नापास झालेल्याला पुढच्या वर्षात प्रवेश नाही. काकू मनात हसल्या. गाडीला उशीर झाला की प्रवाशांना काय हवं असतं, हा त्यांचा प्रश्न. उत्तर त्यांच्या खिशातच होतं. घोषणा हवी असते. शांत, स्पष्ट, शब्द न् शब्द कळेल अशी. अशी घोषणा करता यावी म्हणून या बाईने उभ्या आयुष्यात आंबट खाल्लं नव्हतं आणि फ्रीजच्या पाण्याला हात लावला नव्हता.

ग्रंथालयात त्यांनी असा काही मुक्काम ठोकला, की तिथला शिपाई त्यांच्या खुर्चीवर दुसऱ्या कोणाला बसू देईना. निबंध जाडजूड झाला. लेखनाचा तास घेणाऱ्या मॅडम त्यांच्या मुलीपेक्षाही लहान. त्यांनी निबंध वाचला आणि काकूंना समोर बसवलं.

“काकू, यात एक संशोधक बोलतात, मग दुसरे बोलतात, मग तिसरे. तुम्ही कुठे आहात?”

“मी कशाला मध्ये बोलू? मला वरून कागद यायचा, तो मी वाचायचे. मनाने गाडी सोडली असती तर त्याच दिवशी घरी बसवलं असतं मला.”

मॅडमनी हसू दाबलं. “बरं, आणि प्रत्येक मुद्दा दोनदा का आहे?”

“पहिल्यांदा कोणाचं लक्ष नसलं तर?”

“वाचणाऱ्याला मागे जाऊन वाचता येतं, काकू.” निबंधावर ‘पुन्हा लिहा’ असा शेरा पडला. नंतर मॅडमनी जरा मऊ आवाजात सुचवलं, “तुमचा विषय तर तिकडे स्थानकावर बसलाय. जाऊन विचारा ना लोकांना.”

काकूंनी मोठ्या हौसेने प्रश्न तयार केला. ‘स्पष्ट आवाजातली घोषणा ऐकून तुम्हाला दिलासा मिळायचा ना?’ मॅडमनी तो वाचून कपाळाला हात लावला. “याला नाही म्हणायची कोणाची छाती आहे? उत्तर तुम्हीच त्यांच्या तोंडात घालताय. आपल्याला आवडणार नाही असंही उत्तर येऊ शकेल, असं विचारा.” काकूंनी जरा नाक मुरडलं, पण प्रश्न बदलला. ‘गाडी कुठे लागणार हे तुम्हाला कसं कळायचं?’

घोषणेच्या काचेच्या खोलीत आता माणूस नव्हता, आधीच भरून ठेवलेला आवाज वाजत होता. काकू बाहेरच्या बाकांवर जाऊन बसल्या. इतकी वर्षं नोकरी झाली, पण त्या बाकांवर त्या पहिल्यांदाच बसत होत्या. रोज जाऊन-येऊन करणारी एक नर्स भेटली. ती म्हणाली, “पेपरवाल्याला विचारायचे.” बँकेतला कारकून म्हणाला, “पेपरवाल्याला.” एक निवृत्त मास्तर होते, ते सविस्तर बोलले. “त्या कर्ण्याच्या खरखरीत काय कळणार हो? कोणीतरी बाई बोलायच्या. दोनदा बोलायच्या. दोन्ही वेळा कळायचं नाही.”

“अस्सं,” काकू म्हणाल्या आणि लिहून घेतलं. आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. सांगवलंच नाही.

मग त्या पेपरवाल्याकडे गेल्या. हा इतकं अचूक कसं सांगायचा, ते तरी कळावं. पेपरवाला खो-खो हसला. “मला कुठे काय कळायचं, काकू? समोरचा घाईत दिसला की अंदाजाने बोट दाखवायचो.”

“आणि चुकलं तर?”

“तर परत यायचे. मग दुसरीकडे दाखवायचो.”

घरी आल्यावर काकूंनी लिंबाचं सरबत केलं, त्यात फ्रीजमधला बर्फ घातला आणि उभ्याउभ्या एका दमात संपवलं. काकांनी शब्दकोडं खाली ठेवलं. प्रकरण गंभीर आहे हे त्यांनी ओळखलं.

“अहो, तुमची गाडी कोणत्या फलाटावर लावायची, ते तुम्ही माझ्या घोषणेवरूनच ठरवायचात ना?”

काकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. “पेपरवाल्याला विचारायचो,” ते म्हणाले. मग घाईघाईने पुढे म्हणाले, “पण आवाज तुझा आहे हे कळायचं हं. शब्द कळायचे नाहीत, पण तू आलीयेस कामावर, एवढं कळायचं.”

काकूंना रडू आलं. आपला जन्म एका खरखरीत गेला, असंच त्यांना वाटलं, आणि तसं त्या बोलूनही गेल्या. काका बावरले. “मग निबंधात नको ना घालूस ते. दोन-चार चांगल्या माणसांना भेटले, सगळे खूश होते, असं लिही. मॅडम काय स्थानकावर येणार आहेत विचारायला?”

खरं तर हे सोपं होतं. जुनाच निबंध, त्यात मधूनमधून ‘माझ्या मते’ पेरायचं, की पास. काकूंनी तसं लिहायला घेतलंही. पण मास्तरांचं वाक्य काही केल्या बाजूला होईना, आणि त्याहून जास्त छळत होता तो पेपरवाला. चुकीचं सांगणाऱ्या माणसाकडे लोक परत परत का जातात? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला आणि अपमान हळूहळू मागे पडला. काकू पुन्हा स्थानकावर गेल्या आणि नुसत्या बघत बसल्या. लोक पेपरवाल्याकडे येत, विचारत, नीट कळलं नाही की पुन्हा विचारत. तो त्यांच्याकडे बघून बोलत होता. डोक्यावरच्या कर्ण्याला मात्र कोणाला काही विचारता येत नव्हतं.

त्यांनी पहिल्यापासून लिहायला घेतलं. संशोधकांना मागच्या बाकावर बसवलं, गरज पडली तिथेच उभं केलं. स्थानकावरची ती ‘कोणीतरी बाई’ म्हणजे आपणच, हेही लिहिलं. दरवेळी मुद्दा संपला की हात आपोआप तोच पुन्हा लिहायला जायचा, आणि दरवेळी काकू तो खोडायच्या. काकांनी कच्चं लिखाण वाचलं. ‘खरखर’मध्ये एक रफार राहिलाय असं वाटून ते पेन्सिलीने घालायला गेले आणि तिथे रफार लागत नाही म्हणून त्यांनी काकूंची बोलणी खाल्ली.

निबंधाचं शेवटचं पान प्रत्येकाने वर्गात वाचायचं होतं. काकूंची पाळी आली तेव्हा त्या कागद घेऊन उभ्या राहिल्या. काचेच्या खोलीत समोर फक्त माइक असायचा. इथे चेहरे होते, आणि त्यातले दोन जांभया देत होते. त्यांनी वाचायला सुरुवात केली.

“तीसेक वर्षं मी प्रवाशांना माहिती दिली. ती त्यांच्यापर्यंत फारशी पोचली नाही, असं माझ्यापुढे आलेले पुरावे सांगतात. मला हे कबूल करायला जड जातंय. माझं म्हणणं असं आहे, की उशीर झालेल्या माणसाला नुसती माहिती पुरत नाही. त्याला उलट विचारता आलं पाहिजे.”

वाचून झालं. पहिलं वाक्य आपोआप पुन्हा जिभेवर आलं होतं, हुबेहूब. काकूंनी ओठ घट्ट मिटले, कागदाची घडी घातली आणि त्या खाली बसायला लागल्या.

“काकू,” मागच्या बाकावरची ती पिशवीवाली मुलगी म्हणाली, “ते शेवटचं परत सांगा ना. मला नीट कळलं नाही.”

काकूंनी घडी उलगडली. मग ती तशीच बाकावर ठेवून दिली आणि त्या मुलीकडे बघून म्हणाल्या, “विचार ना बाळा. काय कळलं नाही?”