डोक्यावरून डोक्यावर

करतारसिंग गेल्याचं त्यांच्या मुलीचं पत्र इथे बहरीनमध्ये, मुहर्रकला आमच्या हाती पडलं, तेव्हा त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. रजेवर गावी गेलेला माणूस, येईलच आता, म्हणून मी त्यांच्यासाठी लिंबाचं लोणचं मुरत ठेवलं होतं… ते तसंच आहे.

ते आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे, विमानतळावर सामान चढवायचे. त्यांचं गाव सतलजच्या काठी, अगदी पाकिस्तानच्या सरहद्दीला खेटून. लढाईपूर्वी तिथल्या नाक्यावर ते हमाल होते. इकडच्या हमालाने रेषेपलीकडे पाऊल टाकायचं नाही, तिकडच्याने अलीकडे. रेषेवर समोरासमोर उभं राहून माना वाकवायच्या आणि पोतं डोक्यावरून डोक्यावर सरकवायचं. बोलायची मनाई. अकरा वर्षं त्यांच्यासमोर एकच माणूस उभा राहिला. मग लढाई झाली, पूल उडाला, नाका कायमचा बंद. "भैणजी, वो बचा कि नहीं, इतना पता चल जाए," एवढंच ते म्हणायचे. मी तशी तोंडाळ. म्हटलं, अहो, नाव तरी माहीत आहे का त्याचं? नव्हतं.

एका शुक्रवारी ते आमचा पंखा दुरुस्त करत होते. दुकानातून तांदळाचं पोतं घेऊन नवा हमाल आला आणि दारातच थांबला. "अंदर रखो ना, यल्ला," मी घाई करत म्हणाले. तो हलेना. मला रागच आला; उंबरठ्यावरून देणं-घेणं आमच्याकडे चालत नाही. वळून बघते तर करतारसिंग स्टुलावरून उतरलेले. खिशातली लाल कापडाची चुंबळ त्यांनी पगडीवर ठेवली, उंबरठ्याशी गेले, मान वाकवली. त्यानेही वाकवली. पोतं सरकलं… दाणा हलल्याचा आवाज नाही. देवळातही मी इतकी गप्प कधी उभी राहिले नव्हते. ओझं डोक्यावर तसंच ठेवून करतारसिंगांनी विचारलं, "नाम क्या है तेरा?"

"बशीर."

मग दोघंही रडले. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

तेव्हापासून ती चुंबळ आमच्या दाराजवळच्या खिळ्यावर असते. दर महिन्याला पोतं आलं की करतारसिंगांना खालून हाक मारायची, दोघं ते तसंच डोक्यावरून डोक्यावर घ्यायचे, आणि मी चहा टाकायचा सोडून बघत राहायचे.

गेल्या शुक्रवारी बशीर आला. मी पत्राचं सांगितलं. त्याने पोतं खाली ठेवलं नाही, की तो आत आला नाही. डोक्यावर ओझं घेऊन दारात तसाच उभा. मी खिळ्यावरची चुंबळ काढली, डोक्यावर ठेवली आणि उंबरठ्याशी जाऊन मान वाकवली.

"भारी है, बीबी," तो म्हणाला.

"दे," म्हटलं.