कळसाखालचा हीट पंप

छप्पर नसलेली एकही वस्तू आमच्या घरमालकांनी आयुष्यात आपली मानली नाही. शीळफाट्याच्या अलीकडे त्यांची चाळ आहे, तिच्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीत मी राहायचो आणि रस्त्याकडच्या गाळ्यात इस्त्रीचं दुकान चालवायचो. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. बोअरच्या मोटारीला शेठनी घुमटी बांधली आणि वर पितळी कळस बसवला. नवीन पाहुणे चपला काढून मोटारीला हात जोडायचे आणि शेठ त्यांना अडवायचे नाहीत. कुत्र्याच्या घराला निळ्या टाइल्स होत्या, त्यामुळे कुत्रा बाहेर झोपायचा. गाडीच्या शेडमध्ये झुंबर होतं. हे सगळं कशासाठी, असं एकदा मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, “उघड्यावर हाय ते आपलं नसतं, घाटावरच्या. आमची जमीन उघड्यावर होती. गेली ना रस्त्यात.” आणि लगेच झुंबर पुसायला स्टुलावर चढले.

मी परभणीकडचा. सातवीत शाळा सुटली आणि तेव्हापासून कुठेही गेलो तरी आपल्याला आता इथून उठवणार, अशी एक धाकधूक असते. या माणसानं ओळख ना पाळख, मला खोली दिली. भाडं मागायला यायचे तेही आधी “जेवलास का?” विचारूनच, आणि नाही म्हटलं तर भाडं राहायचं बाजूला, मी त्यांच्या ओट्यावर भाकरी आणि कोलंबीपुढे बसलेला असायचो. म्हणून त्यांच्या कशालाही वाईट म्हणायला माझी जीभ वळत नसे.

एका लग्नाच्या बोलणीसाठी शेठ डोंबिवलीला व्याह्यांकडे गेले आणि तिथे त्यांनी पाणी तापवायचा हीट पंप बघितला. व्याह्यांकडे आहे म्हणजे आपल्याकडे त्याहून मोठा पाहिजे, हे ओघानं आलंच. मशीन यायच्या आधीच उत्साहाच्या भरात त्यांनी अंगणातला तांब्याचा जुना बंब भंगारात देऊन टाकला. मशीन बसवायला आलेल्या माणसानं समजावून सांगितलं, की हे भोवतालच्या हवेतली ऊब ओढून घेतं, ती पाण्याला देतं आणि गार झालेली हवा बाहेर फेकतं. तेव्हा चारी बाजूंनी मोकळं असू द्या. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं. तो फाटकाबाहेर पडल्यावर म्हणाले, “हवेतून ओढून घेतो म्हंजे चोरच झाला की. चोराला कोन उघड्यावर ठेवतो?”

आठवडाभरात मशीनभोवती मार्बलची खोली उभी राहिली. स्टीलचा दरवाजा, त्याला कुलूप, वर कळस. किल्ली शेठच्या गळ्यातल्या साखळीत. नारळ फुटला, पेढे वाटले, आणि चाळीतल्या प्रत्येक मोरीत गरम पाण्याचा नळ आला.

पाणी पहिल्या दिवशी कोमट आलं, दुसऱ्या दिवशी त्याहून कोमट, आणि पुढे कोमट म्हणायलाही धीर लागायला लागला. बिचारं मशीन कोंडलेल्या खोलीतली ऊब केव्हाच संपवून बसलं होतं आणि स्वतःच फेकलेली गार हवा पुन्हा पुन्हा गिळत होतं. आत शिरलं की थेट काश्मीर. शेठची बायको, जिला आम्ही काकी म्हणायचो, तिनं शेठचा डोळा लागला की किल्ली घेऊन त्या खोलीत आधी कोथिंबीर ठेवली, मग दही, मग सुरमई. शेठ मात्र रोज सकाळी ओट्यावर उभे राहून आंघोळ करून निघालेल्या प्रत्येक भाडेकरूला विचारायचे, “कसं हाय पानी?” आणि आम्ही एकूण एक जण दात वाजू न देता सांगायचो, “फर्स्ट क्लास, शेठ.” चाळीत राहायचं तर तेवढं बोलावंच लागतं.

हे असंच चाललं असतं, पण एव्हाना माझं लग्न झालं होतं आणि पौषात बायकोला मुलगी झाली. बायकोला आई नाही, म्हणून बाळंतपण इथंच. काकीनं परस्पर ठरवून टाकलं होतं की बाळ-बाळंतिणीला सव्वा महिना न्हाऊ-माखू तीच घालणार, आणि शेठनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं की पाणी आपल्या मशीनचं असणार. मला तर दवाखान्यातही झोप येईना. इतक्या लहान जिवाला त्या पाण्यात कसं घालायचं, आणि नको तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आम्ही घरी आलो. काकीनं नळ सोडला, बादलीत कोपर बुडवलं आणि सगळी चाळ दारात उभी असताना शेठना म्हणाली, “या पान्यात मी पोरीला नाय घालाची. बंब दिलास भंगारात, आता तुज्या कलसात तापवू पानी?”

काकीनं अंगणात तीन विटा मांडल्या, लाकडं पेटवली आणि पातेल्यात पाणी तापवून वेळ निभावली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच घणाचे आवाज यायला लागले. बाहेर येऊन पाहतो तर शेठ बनियनवर, स्वतःच्या हातानं मार्बल फोडत होते. मी धावलो, तर मला हातानंच लांब राहायला सांगितलं. दुपारपर्यंत चारी भिंती पडल्या; चार खांब, वर स्लॅब आणि त्यावर कळस, एवढंच उरलं. चुकलं वगैरे ते म्हणाले नाहीत. गावातल्या कुणीतरी खोचकपणे विचारलं, तर म्हणाले, “पोरगी आली ना चालीत. मंडप घातला.”

तिसऱ्या दिवशी मोरीच्या झरोक्यातून वाफ निघाली.

पण उघड्यावरच्या वस्तूवर त्यांचा विश्वास बसला नाही तो नाहीच. काकी आत मुलीला न्हाऊ घालत असायची तेव्हा शेठ मफलर गुंडाळून, नेमके मशीनच्या गार झोतासमोर खुर्ची टाकून राखणीला बसायचे. नाक लाल, डोळ्यांतून पाणी. मी म्हटलं, शेठ, निदान बाजूला तरी बसा. ते म्हणाले, “तिकडं पोरीला ऊब जाते ना? मंग इकडं थंडी कोनीतरी सोसाला पायजे.”

आता चाळीच्या जागी टॉवर उठतोय आणि आम्ही खडवलीला राहतो. मुलगी आपापली आंघोळ करते, पाणी जरा कमी गरम असलं तरी आरडाओरडा करते. गिझर चालू करून मी बाहेर येतो. थंडीच्या दिवसांत अंगावर वारा आला की वाटतं, थोडा वेळ इथंच खुर्ची टाकून बसावं.